विहिणीच्या गाण्याचं तिसरं कडवं

“पुटपुटताय काय अशा? विहिणीचं गाणं आहे ते, पोथी नव्हे! खणखणीत म्हणा!”

कऱ्हाडच्या त्या कार्यालयाच्या मागच्या अंगणात चौदा बायका दोन रांगांत उभ्या होत्या आणि मी त्यांच्यासमोर लाटणं हातात घेऊन ताल धरत होते. सकाळचे साडेआठ वाजले होते. पोह्यांच्या बशा अजून उचलल्या नव्हत्या. माझ्या पुतणीचं, शुभदाचं, लग्न होतं आणि मुहूर्त होता दहा चाळीसचा.

विहिणीच्या पंगतीला नवऱ्या मुलाच्या आईला ताटावर बसवायचं आणि मुलीकडच्या बायकांनी समोर उभं राहून तिला गाण्यातून चिडवायचं, ही आमच्याकडची रीत. गाणं निवडायचं काम माझं. निवडायचं कसलं, मी ते रचायचेच. आमच्या घराण्यात मुलींची अकरा लग्नं झाली होती आणि अकराही विहिणींना मी सोडलं नव्हतं. एक रडली होती, दोघींनी मला साडी पाठवली होती. इंदूकाकूचं गाणं म्हटलं की वरपक्षाच्या बायका आधीच पदर सावरून बसायच्या. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू?

“परत पहिल्यापासून,” मी म्हटलं आणि लाटणं हातावर आपटलं.

विहीणबाई आल्या, बसल्या ऐटीत,
शब्द ठेवलेत कुलपात, किल्ली पेटीत!
एक हाक मारली, मान हलेना,
दुसरी हाक मारली, पान हलेना!

आणि मग सगळ्यांनी मिळून धुवपद:

हाक मारा ग सयांनो, हाक मारा,
विहीणबाईंच्या कानाशी वाजवा नगारा!

“अग, हिला कसं सुचतं बाई!” कुंदा म्हणाली. कुंदा म्हणजे शुभदाची मावशी. माझ्या वयाची, अंगानं भरलेली, आवाज असा की तिनं रस्त्यात भाजीवाल्याला हाक मारली तर चार गल्ल्यांतले भाजीवाले थांबतील. माझी ती उजवी बाजू होती.

सुचायला काय झालं होतं? मनोरमाबाईंनी, म्हणजे शुभदाच्या होणाऱ्या सासूबाईंनी, मला कारणच तसं दिलं होतं. साखरपुड्याला मी ओटीचं ताट घेऊन त्यांच्यामागून गेले. “अहो विहीणबाई, ओटी राहिली!” म्हणून तीनदा हाक मारली. बाईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. ताठ मानेनं, दहा बायकांच्या देखत, सरळ जिना उतरून गेल्या आणि मी ताट धरून खुळ्यासारखी उभी. माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या वहिनी, म्हणजे शुभदाची आई, त्यांच्याशेजारी बसून जेवणाच्या बेताबद्दल घडाघडा बोलत होत्या, तर बाई भलतीकडेच बघत “बरं, बघू” म्हणाल्या. इचलकरंजीला त्यांचा मोठा कारभार आहे, मान्य. पण म्हणून एवढा ताठा? आमच्या वहिनी गरीब गाय, त्या काही बोलायच्या नाहीत. मी मात्र त्याच दिवशी ठरवलं होतं, या बाईंना पंगतीत बघून घेते.

अंगणावर वरच्या मजल्याची एक खिडकी उघडत होती. तिथल्या खोल्या वरपक्षाला दिलेल्या. मध्येच माझं लक्ष वर गेलं, तर खिडकीत मनोरमाबाई उभ्या. बायकांची तिकडे पाठ होती, माझं तोंड खिडकीकडे. कुंदानं माझी नजर ओळखली आणि कुजबुजली, “अग, ऐकतायत त्या!”

“ऐकू दे,” मी म्हटलं. “भूक तरी चांगली लागेल.”

तिसरं कडवं मागच्या रांगेला जमेना. म्हणून मी वळसा घालून मागे गेले, खिडकीकडे पाठ करून त्या सातजणींसमोर उभी राहिले आणि त्यांच्याकडून ते चारदा घोटून घेतलं. आठ दिवस घरी तालीम चालली होती, आता कुठे तिसरं कडवं तोंडात बसलं. फक्त शुभदाला त्यातला शब्दही माहीत नव्हता. नवरीच्या कानावर विहिणीचं गाणं पंगतीआधी पडू द्यायचं नाही, हाही आमच्याच घरचा नेम. तालमीच्या वेळी तिला आम्ही शेजारी पाठवून द्यायचो.

अक्षता पडल्या, हार घातले गेले. पाऊण तास कुणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. बाराच्या सुमाराला मी भांड्यांच्या खोलीत गेले. दारात मनोरमाबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि मानाच्या नारळांची पिशवी सोडत होत्या. मी त्यांच्यामागे चार हातांवर. तेवढ्यात आचाऱ्याचा माणूस स्टीलच्या ताटांची चळत घेऊन आला आणि त्याचा पाय घसरला.

पन्नास-साठ ताटं फरशीवर पडली. काय तो आवाज! मी किंचाळले. बाहेर कुणाचं तरी मूल रडायला लागलं, दोन माणसं धावत आली. एक ताट गरगरत मनोरमाबाईंच्या मागून गेलं आणि भिंतीला आपटून थांबलं.

मनोरमाबाई पिशवीची गाठ सोडत होत्या. त्यांचा खांदासुद्धा हलला नाही. गाठ सुटली, त्यांनी एक नारळ काढला, शेंडी नीट केली, मग दुसरा काढला.

तीन हाका, बरं बघू, भलतीकडे बघणं, सगळं एका क्षणात माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. आणि त्याच्यामागून माझं धुवपद आलं. कानाशी वाजवा नगारा.

मी तशीच मांडवात गेले. प्रमोदराव, म्हणजे आमचे नवे जावई, मुंडावळ्या बांधलेले, फोटोग्राफरच्या तावडीत सापडले होते. मी त्यांना हाताला धरून स्टेजच्या मागे नेलं. जावयाला असं कुणी ओढत नाही, पण मला तेव्हा सुचत नव्हतं.

“प्रमोदराव, तुमच्या आईंना ऐकू येत नाही का हो?”

त्यांचा चेहरा उतरला. मुंडावळ्या बाजूला सारून त्यांनी इकडे तिकडे बघितलं.

“कुणी सांगितलं तुम्हांला?”

“कुणी नाही. आता ताटं पडली. मी बघितलं.”

“काकू, पाया पडतो तुमच्या, कुणाला सांगू नका. सहा वर्षं झाली. समोरून बोललं तर निभावून नेते ती. मागून काहीच नाही. घरात फक्त मला आणि बाबांना माहीत आहे.”

“अहो, पण लपवायचं कशाला? यंत्र मिळतं की आता.”

“यंत्र दिसतं ना सगळ्यांना. आमची आजी बहिरी होती, काकू. घरात जो तो तिच्या तोंडावर तिची नक्कल करायचा. पाहुणे आले की तिला मध्ये बसवून हसायचे. आईनं ते सगळं डोळ्यांनी बघितलंय. ती म्हणते, मला मेलेलं चालेल, पण तसं मध्ये बसायचं नाही.”

“शुभदाला ठाऊक आहे?”

“पहिल्याच भेटीत सांगितलं मी.” ते जरा घुटमळले. “तीच म्हणाली, काकूला कळू देऊ नका. काकू मनाची चांगली आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही.”

मला ते लागलं. पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलेलं. पण ती खोटं काय बोलली होती? मी नुसतं “बरं” म्हटलं.

“पंगतीत गाणं असतं ना तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं. “आई चार दिवस नीट जेवली नाही त्या धास्तीनं. सगळ्यांनी तिच्याकडे बघायचं आणि तिला कळायचं नाही काय चाललंय. फार काही नाही ना त्यात? तिला त्यातलं जरा जरी कळलं, तर ती ताटावरून उठेल. आणि ती एकदा उठली, तर शुभदाकडे जन्मभर त्याच नजरेनं बघेल. मी ओळखतो तिला.”

“काही नाही,” मी म्हटलं. “साधंच आहे. तुम्ही फोटो काढा.”

साडेबाराला मी चौदाजणींना पुन्हा अंगणात गोळा केलं. पंगत दीडला होती.

“गाणं बदलायचंय,” मी म्हटलं.

“काय?” कुंदा ओरडली. “आता? डोकं फिरलंय का तुझं?”

“चाल तीच. धुवपद तेवढं नवं. कडवी मी एकटी म्हणेन.”

“पण का?”

का, ते कसं सांगणार? चौदाजणींना सांगितलं असतं तर दीडच्या आत कार्यालयातल्या खांबांनासुद्धा कळलं असतं. आणि पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या भरवशावर काहीतरी ठेवलं होतं.

“मला बरं वाटत नाही ते गाणं. झोंबेल त्यांना.”

“अग, झोंबायलाच केलंय ना? आठ दिवस आमची डोकी खाल्लीस. आणि आता...” कुंदा माझ्याजवळ आली. “खरं सांग. सकाळी त्या खिडकीत उभ्या राहिल्या, म्हणून तू घाबरलीस. होय की नाही?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मागच्या रांगेतली एक खुदकन हसली. जन्मात मला कुणी भित्री म्हटलं नव्हतं.

“हो,” मी म्हटलं. “घाबरले. पुरे? आता धुवपद ऐका.”

आवरा ग सयांनो, हिला आवरा,
इंदूकाकूच्या तोंडाला कुलूप करा!

“स्वतःलाच चिडवायचं?” कुंदानं कपाळावर हात मारला. “विहिणीच्या पंगतीत विहीण सोडून स्वतःवर गाणं? लोक हसतील, इंदू.”

“हसायलाच बोलावलंय त्यांना.”

“हे बघ, मी नाही म्हणणार असलं बुळबुळीत. त्या बाईंनी माझ्या बहिणीला कस्पटासमान वागवलंय. तुला भीती वाटत असेल तर तू बाजूला उभी राहा. आम्हांला जुनं पाठ आहे.”

“कुंदा, तुला शुभदाची शपथ.”

ती चमकली. शपथाबिपथा घालणारी बाई मी नव्हे. तिनं तोंड फिरवलं, पण हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तेवढ्यात वरून बोलावणं आलं, पाटरांगोळ्या झाल्या म्हणून. धुवपद जेमतेम पाच वेळा घोटून झालं होतं.

विहिणीची पंगत वरच्या लांबट दिवाणखान्यात होती. इमारत जुनी, त्या मजल्याची जमीन लाकडी फळ्यांची. जोरात चाललं की ताटातल्या वाट्या किणकिणायच्या. मधोमध चांदीच्या ताटावर मनोरमाबाई बसल्या होत्या. पाठ सरळ, मान ताठ. सकाळपर्यंत मला तो ताठा दिसत होता. आता दिसत होतं की त्यांचे डोळे एकेकीच्या तोंडावरून भराभर फिरतायत आणि डाव्या हातानं त्यांनी पाटाची कड घट्ट धरलीय. दारात प्रमोदराव येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे शुभदा.

“हं, होऊ द्या!” वरपक्षातली एक आत्याबाई म्हणाली. “फार ऐकलंय तुमच्या गाण्यांबद्दल.”

मी बरोबर मनोरमाबाईंच्या समोर जाऊन उभी राहिले. इतकी समोर, की त्यांना माझ्याशिवाय कुणाकडे बघायला नको. लाटणं कुणाला तरी देऊन टाकलं आणि पायानंच ताल धरला. फळ्या दणदणल्या. मी एकेक शब्द सावकाश, तोंड उघडून म्हटला.

इंदूकाकू आल्या, बसल्या ऐटीत,
जीभ ठेवा म्हणावं कुलपात, किल्ली पेटीत!

ती आत्याबाई फिसकन हसली. “अग बाई, हे तर स्वतःवरच!”

धुवपद आलं. बायका गोंधळल्या. निम्म्यांनी “आवरा” म्हटलं, निम्म्यांनी नुसतीच तोंडं हलवली. मागून कुणीतरी “हाक मा...” म्हणून चाचरलं आणि थांबलं. मी दुसरं कडवं घाईनं उचललं.

एक शब्द बोलली, दुसरा राहीना,
उठून गेलं ऐकणारं, तरी पाहीना!

या खेपेला धुवपद बरं आलं. वरपक्षाच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. आमचे भाऊजी, शुभदाचे वडील, दारातूनच ओरडले, “हे मात्र शंभर टक्के खरं!” आणि हशा पिकला. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात माझ्या उजव्या कानाशी कुंदाचा आवाज चढला. तिनं मुद्दाम केलं, की आठ दिवसांच्या सवयीनं तोंडातून निघालं, ते मी तिला कधी विचारलं नाही. “घंटा वाजव...” एवढं तिनं म्हटलं, आणि मागच्या रांगेनं, जिला ते कडवं सकाळी चारचारदा घोटवलं होतं, तिनं श्वास घेतला.

मी कुंदाचे दोन्ही हात पकडले आणि फुगडी घातली.

“अग... अग इंदू, पडेन मी!”

“फू म्हण!” मी ओरडले. “फू बाई फू म्हण!”

पंचेचाळिशीतल्या दोन बायका, एक नऊवारीतली, एक पैठणीतली, विहिणीच्या ताटासमोर गरगर फिरत होत्या. कुंदाच्या तोंडून “अग आई ग”शिवाय काही निघेना. मागच्या रांगेतल्या दोघी हसत हसत पुढे आल्या, त्यांनीही हात धरले. मग आणखी दोघी. वरपक्षाची आत्याबाई पान टाकून उठली आणि आमच्या वहिनींना, त्या गरीब गाईला, ओढून घेऊन फिरायला लागली. फळ्या अशा दणाणत होत्या की भांड्यांतलं पाणी हिंदकळत होतं. माझे डोळे फिरत होते, तरी दर फेरीला मी एकाच जागी बघत होते.

मनोरमाबाईंनी पाटाची कड सोडली होती. त्यांचा डावा तळवा जमिनीवर, फळीवर पसरलेला होता. आणि बोटं हलत होती. अगदी तालात. कुणाचीही नजर तिकडे नव्हती. दारात प्रमोदराव डोळे पुसत होते, लोकांना वाटलं, हसून पाणी आलं असेल.

त्या पंगतीत श्रीखंड पोटभर जेवणारी पहिली बाई कोण असेल तर मनोरमाबाई.

कुंदा वर्षभर माझ्याशी बोलली नाही. इंदूकाकू इचलकरंजीकरांना घाबरली, हे आमच्या घराण्यात कायमचं झालं. पुढच्या लग्नाला गाणं कुंदानं केलं. मी कुणाला काही सांगितलं नाही, शुभदालासुद्धा नाही. मनोरमाबाई जाऊन आता नऊ वर्षं झाली, म्हणून आज सांगतेय. आणि मुख्य सांगायचं ते पुढेच आहे.

चारच्या सुमाराला वऱ्हाडाची बांधाबांध चालली होती. एक मुलगी येऊन म्हणाली, तुम्हांला वरच्या खोलीत बोलावलंय. मी गेले. मनोरमाबाई एकट्याच होत्या. त्यांनी दार लावायला सांगितलं आणि मला खिडकीपाशी, उजेडात बसवलं. माझ्यासमोर त्या बसल्या. खिडकीतून खाली ते अंगण दिसत होतं.

“प्रमोदनं सांगितलं का?” त्यांनी विचारलं.

मी मानेनंच नाही म्हटलं. “ताटं पडली तेव्हा मी तुमच्या मागे होते.”

“ताटं पडली होती?” त्या म्हणाल्या. मग त्यांनी खिडकीकडे बोट केलं. “मला ओठ वाचता येतात. सहा वर्षांत शिकले. सकाळी मी इथे उभी होते. तुमचं तोंड या बाजूला होतं.”

सकाळी मी ताल धरून उभी होते ती जागा मी वरून बघितली.

“तुम्ही फार स्पष्ट म्हणता,” त्या म्हणाल्या. “पहिली दोन कडवी सगळी कळली. नगारासुद्धा.”

“विहीणबाई... माहीत होतं, तर मग तुम्ही पंगतीला बसलात कशाला? डोकं दुखतंय म्हणून सांगायचं.”

“आणि लोकांनी काय म्हणायचं? विहीण रुसली? तुमच्या पोरीचा पहिला दिवस होता.” त्यांनी पदर नीट केला. “ठरवून बसले होते, काही झालं तरी उठायचं नाही. पुढे तुम्ही बदललंत, ते तुमचं तुम्हांला. मी तुम्हांला त्यासाठी नाही बोलावलं.”

“मग?”

“तिसरं कडवं. ते म्हणताना तुम्ही पाठमोऱ्या झालात, आणि त्या बायका नुसत्या पुटपुटत होत्या. ते राहिलं माझं.”

“नको हो.”

“म्हणा.”

“मला लाज वाटते, विहीणबाई. हात जोडते तुम्हांला.”

“मला ते पाहिजे,” त्या म्हणाल्या. आवाज कडक नव्हता. “म्हणा. सावकाश.”

मी म्हटलं. अकरा लग्नांत अकरा विहिणींना हसत हसत जे सुनावलं होतं, ते या बाईसमोर, हातभर अंतरावरून, डोळ्यांत डोळे घालून, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हटलं.

घंटा वाजवली, देव झाले जागे,
विहीणबाई तशाच, जशा होत्या मागे!
दगडाला देखील फुटतो ग पाझर,
विहीणबाईंच्या कपाळी आठ्यांचा बाजार!

त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत माझ्या ओठांवरची नजर काढली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मी पुसलंही नाही. खाली कुणीतरी मोटारीचा हॉर्न वाजवत होतं.

“प्रमोदच्या आजीवर, माझ्या बहिऱ्या सासूबाईंवर, मी याच्याहून वाईट गाणं केलं होतं,” मनोरमाबाई म्हणाल्या. “नवीन लग्न झालेलं माझं. घरात सगळ्यांची वाहवा मिळवायची होती. पाहुण्यांच्या देखत, त्यांच्या समोर बसून, त्यांच्यावरच म्हटलं. सगळे पोट धरून हसले. सासूबाईही हसल्या. माझ्याकडे बघून हसल्या. मला तेव्हा वाटलं होतं, त्यांना काही कळलं नाही. त्यांनाही सगळं कळलं असणार.”

एवढं बोलून मनोरमाबाई माझ्याकडे बघून हसल्या.